यंत्र होतं, तरी सुई धमनीत गेली: मानेतल्या सेंट्रल लाइनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण साठीतले गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

काही आठवड्यांपूर्वी मूत्रमार्गात खडा अडकून त्यांच्या किडन्यांचं काम थांबलं होतं. तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात उजव्या मानेतून डायलिसिसची जाड नळी घालून चार-पाच वेळा डायलिसिस झालं. किडन्या सावरल्या, नळी निघाली, ते घरी गेले. आता न्यूमोनिया आणि घसरलेलं बीपी घेऊन रात्री अकराच्या सुमारास ते आमच्या आयसीयूत दाखल झाले.

वजन ९२ किलो, मान आखूड. दम इतका, की सपाट झोपवायला गेलं की कठडा धरून उठून बसत. बीपी ७८/४०. नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन ८८च्या पुढे सरकत नव्हतं. लॅक्टेट (रक्ताभिसरण अपुरं पडल्याची खूण) ४.८, प्लेटलेट ४६ हजार, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.६.

अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू झालं, मनगटात आर्टेरियल लाइन (धमनीतला दाब सतत मोजणारी नळी) टाकली, आणि हाताच्या साध्या कॅन्युलातून (शिरेतल्या छोट्या नळीतून) बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू केलं. बीपीचं औषध सुरू करण्यासाठी सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या लांब नळीची, वाट पाहायची नसते. सेप्सिसवरच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव कोलमडतात त्या अवस्थेवरच्या, २०२१च्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तरी अजून काही ठिकाणी आधी लाइन, मग औषध असा उलटा क्रम दिसतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अडचण

दोन तासांत नॉरअ‍ॅड्रेनलिनचा डोस जवळजवळ तिप्पट झाला. तीनपैकी एक कॅन्युला फुगला, दुसरा निम्माच चालत होता. व्हॅसोप्रेसिन हे बीपी वाढवणारं दुसरं औषध जोडायचं होतं, आणि एकमेकांत न मिसळणारी औषधं एकाच सुईतून जात होती. सेंट्रल लाइन लागणार हे उघड होतं.

पण किती तातडीने? तिसरा कॅन्युला ठीक चालत होता. म्हणजे हातात तास-दोन तास होते, पाच मिनिटांची घाई नव्हती. ही गोष्ट त्या वेळी मी मोठ्याने बोलले होते. अर्ध्या तासाने तीच मला आठवली नाही.

सुईआधी प्रोब

कुठे टोचायचं ते ठरवण्याआधी मान, गळपट्टीच्या हाडाखालची जागा आणि जांघ सोनोग्राफीच्या प्रोबने पाहून घ्यायची, हा आमचा शिरस्ता. त्याला तीन-चार मिनिटं लागतात. या पाहणीसाठी निर्जंतुक आवरण लागत नाही. साधं जेल पुरतं.

उजव्या मानेवर प्रोब ठेवला आणि पहिलाच धक्का बसला. आतली मोठी शीर प्रोबने दाबली की मिटायला हवी. धमनी मिटत नाही, ती गोल राहून उडत राहते. दोघींत फरक करायची ही सर्वांत भरवशाची आणि फुकटातली चाचणी. इथे शीर दाबून मिटतच नव्हती. आत करडा, ढगाळ ऐवज भरलेला होता आणि रंगीत डॉपलरवर प्रवाहाची बारीकशी रेघ फक्त एका कडेला. जुन्या डायलिसिसच्या नळीने मागे ठेवलेली गुठळी. केवळ खुणांवरून, म्हणजे मानेच्या स्नायूंचा त्रिकोण आणि बोटाखालची नाडी यांच्या आधाराने सुई घातली असती, तर आम्ही याच बाजूने गेलो असतो. कारण उजवी बाजू सरळ हृदयात उतरते आणि सगळ्यांची पहिली पसंती तीच. सुई गुठळीत फिरवत बसलो असतो.

डावीकडे शीर मोकळी होती, दाबल्यावर मिटत होती. पण रुंदी जेमतेम ७ मिलीमीटर, आणि प्रत्येक श्वास आत घेताना ती चपटी होऊन चिरेसारखी दिसे. पुढची भिंत त्वचेपासून १.४ सेंटीमीटर खोल. मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी तिच्या शेजारी नव्हती, जवळजवळ बरोबर मागे होती. मान उजवीकडे फार वळवली की शीर धमनीवर पूर्ण चढून बसे. मान सरळ आणली की थोडी बाजूला सरके. हे चित्र लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

समोरचे पर्याय

चार पर्याय होते आणि चारही अडचणीचे.

डावी मान: शीर मोकळी, पण बारीक आणि धमनीच्या पुढ्यात. डोकं खाली करून तिरकं झोपवलं तर शीर फुगते, पण या रुग्णाला ते सोसलं नसतं.

उजवी किंवा डावी गळपट्टीखालची शीर: तिथे रक्तस्राव झाला तर बाहेरून दाबता येत नाही. प्लेटलेट ४६ हजार असताना हा धोका पत्करावासा वाटेना. शिवाय उजवीकडची गुठळी छातीत कुठवर गेली आहे हे हाडाआडून दिसत नव्हतं. सॅच्युरेशन ८८ असताना फुप्फुसाला भोक पडलं असतं, तर सावरायला जागाच नव्हती.

जांघ: दाबता येते, झोपवावं लागत नाही, धमनी आणि शीर शेजारी-शेजारी असतात. पण उजव्या जांघेच्या घडीत बुरशीचा लालसर पट्टा होता. डावी जांघ स्वच्छ होती. तरी 'जांघ म्हणजे जंतुसंसर्ग' हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

चौथा पर्याय थांबण्याचा: दंडातल्या खोल शिरेत सोनोग्राफीच्या आधाराने एक लांब कॅन्युला टाकायचा, त्यावर औषधं चालवायची, प्लेटलेट चढवायच्या आणि दोन तासांनी पुन्हा पाहायचं.

प्लेटलेटबद्दल थोडं विषयांतर. बरीच वर्षं आम्ही म्हणत आलो, की सोनोग्राफी असेल तर कमी प्लेटलेटची फार चिंता करू नका. २०२३मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीने त्या आत्मविश्वासाला चाप लावला. प्लेटलेट १० ते ५० हजार असलेल्या रुग्णांत लाइनआधी प्लेटलेट दिल्या तर लक्षणीय रक्तस्राव ४.८ टक्के, न देता लाइन टाकली तर ११.९ टक्के. सगळ्या लाइन सोनोग्राफीनेच टाकलेल्या होत्या. आमचा रुग्ण याच पट्टीतला. प्लेटलेटची पिशवी मागवली, ती यायला तासभर लागणार होता.

आम्ही डावी मान निवडली, आणि पिशवी येण्याआधी निवडली. आज हे लिहिताना या निर्णयाचं मला पुरेसं समर्थन करता येत नाही. 'नजरेसमोर करतोय ना, मग काय होणार' हा विचार त्यामागे होता, एवढं कबूल करते.

काय केलं

सुई धरली ती दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने. त्याने याआधी सोनोग्राफीने मानेतल्या पंधरा-वीस लाइन टाकल्या होत्या, जवळपास सगळ्या उजवीकडून. मी त्याच्या शेजारी, हातमोजे घालून. पायथ्याशी चेकलिस्टची पाटी घेऊन सिस्टर.

टोपी, मास्क, गाऊन, अंगभर निर्जंतुक चादर, क्लोरहेक्झिडिन, प्रोबला निर्जंतुक आवरण, हे सगळं नीट झालं. पाठ २० अंश उंच, पाय उशीवर चढवलेले, मान जेमतेम वळवलेली. पडदा रेसिडेंटच्या नजरेच्या सरळ रेषेत, रुग्णाच्या पलीकडे. जागा बधिर करणारं लिग्नोकेन देताना सिरिंजमधली हवा आधी काढून टाकली. एक बुडबुडा कातडीखाली गेला, तरी पडद्यावर पांढरं धुकं पसरतं आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात.

प्रोब शिरेला आडवा धरला होता. या आडव्या छेदात शीर आणि धमनी दोन काळ्या वर्तुळांसारख्या दिसतात, शेजारधर्म कळतो. पण सुई दिसते ती फक्त एका पांढऱ्या ठिपक्याएवढी. प्रोब शरीराचा एक पातळ काप दाखवतो, आणि सुईचा जो भाग त्या कापातून जातो तेवढाच चमकतो. तो टोक आहे की टोकाच्या मागचा दांडा, हे ठिपका सांगत नाही. म्हणून सुई थोडी पुढे, मग प्रोब थोडा पुढे, ठिपका नाहीसा होईपर्यंत, मग पुन्हा सुई, असं पावला-पावलाने जायचं असतं. ठिपका जिथे नाहीसा होतो तिथे टोक.

रेसिडेंटने पहिली दोन पावलं बरोबर टाकली. तेवढ्यात रुग्ण खोकले, हलले, आणि प्रोब कातडीवर थोडा सरकला. तो सावरताना सुई पुढे जात राहिली, प्रोब एका जागी थांबला. पडद्यावर चपटी शीर सुईखाली तंबूसारखी आत दबली, मग पुढची भिंत सुटून उसळली. सिरिंजमध्ये रक्त आलं. काळपट लाल, न उसळणारं.

"आलं," तो म्हणाला.

"तार घाल," मी म्हणाले.

तार, म्हणजे जिच्यावरून पुढे नळी सरकवतात ती, कुठेही न अडता गेली. २० सेंटीमीटरच्या खुणेपर्यंत, लोण्यातून सुरी जावी तशी. मॉनिटरवर एकही जादा ठोका नव्हता. सुई काढली. मी डायलेटर, म्हणजे तारेवरून घालून वाट रुंद करायचा जाड दांडा, हातात घेऊन त्याच्यासमोर धरला.

"तार पाहिली का?" सिस्टरने विचारलं.

"मॅडम, तार पाहिल्याचं माझ्याकडे अजून लिहिलेलं नाही," पायथ्याकडून सिस्टर म्हणाल्या.

मला खरं तर किंचित राग आला. रुग्ण चादरीखाली अस्वस्थ होते, वीस-पंचवीस मिनिटं होऊन गेली होती, रक्त काळं होतं, तार सुळकन गेली होती. "बघ पटकन," मी रेसिडेंटला म्हणाले. या 'पटकन'मध्ये सगळं आलं.

त्याने टोचलेल्या जागी प्रोब आडवा ठेवला. शिरेच्या काळ्या वर्तुळात लख्ख पांढरा ठिपका. "शिरेत आहे, मॅडम." सिस्टरने पेन टेकवलं. आमच्या जुन्या चेकलिस्टनुसार तपासणी इथे पूर्ण झाली होती.

त्याने प्रोब तिथेच न उचलता सवयीने गळपट्टीकडे खाली सरकवला. ठिपका शिरेच्या तळाशी गेला. अजून सरकवला. ठिपका शिरेतून नाहीसा झाला आणि मागच्या वर्तुळात दिसू लागला, जे दाबून मिटत नव्हतं आणि उडत होतं. कोणी काही बोललं नाही. मी प्रोब स्वतः घेतला आणि शिरेच्या लांबीच्या दिशेने फिरवला. उभ्या छेदात तार एका पांढऱ्या रेघेसारखी दिसली: पुढच्या भिंतीतून शिरेत, शीर तिरकी ओलांडून मागच्या भिंतीतून बाहेर, आणि कॅरोटिडमध्ये खाली हृदयाकडे.

डायलेटर ट्रेमध्ये परत ठेवला.

सिरिंजमधलं रक्त आणि मनगटाच्या लाइनमधलं रक्त, दोन्हींचं गॅस अ‍ॅनालिसिस लावलं होतं. ऑक्सिजनचा दाब एकात ५४, दुसऱ्यात ५५, म्हणजे दोन्ही धमनीचंच रक्त. रिपोर्ट आला तोवर तार निघालेली होती. रंग आणि जोर हे दोन्ही पुरावे त्या रात्री निकामी होते: सॅच्युरेशन ८५-८८ असताना धमनीतलं रक्तही काळपट दिसतं, आणि ८०च्या बीपीत, सिरिंज लावलेली असताना ते उसळत नाही. या गोष्टी परीक्षेत विचारल्या तर आम्ही दोघंही लिहिल्या असत्या.

सगळ्यांत ठळक खूण मात्र नजरेसमोर होती आणि दोघांनीही पाहिली नाही. पुढची भिंत १.४ सेंटीमीटरवर. सुई ४५ अंशांत घातली तर शिरेपर्यंत पोहोचायला तिला साधारण २ सेंटीमीटर पुरतात. आमची सुई साडेसहा सेंटीमीटरची, आणि रक्त आलं तेव्हा तिचा जेमतेम अडीच सेंटीमीटर भाग बाहेर होता. म्हणजे ४ सेंटीमीटर आत. २ सेंटीमीटरच्या कामाला ४ का लागले, हा प्रश्न पट्टी न लावताही सुचायला हवा होता.

पुढचे दोन तास

१८ गेजच्या सुईने पडलेलं भोक सव्वा मिलीमीटरच्या आसपास असतं. ते दाबून बंद होतं. डायलेटर गेला असता तर व्यास दुपटीच्या वर आणि क्षेत्रफळ चौपटीच्या वर गेलं असतं. मग ती नळी किंवा डायलेटर काढून दाबत बसणं हा मार्ग राहत नाही. मानेत वाढणारा रक्ताचा गोळा श्वासनलिका दाबू शकतो, आणि मेंदूकडे गुठळी जाऊन पक्षाघात होऊ शकतो. अशा वेळी घातलेलं जिथे आहे तिथेच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवायचं, हे ठरलेलं आहे. सुई-तारेपर्यंतची चूक आणि डायलेटरनंतरची चूक, यांत एवढा फरक आहे. १९५३मध्ये स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी 'सुई, मग तार, मग नळी' हा क्रम मांडला. नळीआधी तार हाच त्यातला एकमेव थांबा, आणि आम्ही तो जवळजवळ न थांबता ओलांडला होता.

तार सरळ बाहेर काढली. सुई आधीच निघाल्यामुळे तार सुईच्या धारेवर कापली जाण्याचा प्रश्न नव्हता. मी दोन बोटांनी दाब दिला, वीस मिनिटं. दाबताना शेजारी प्रोब धरून कॅरोटिडमधला प्रवाह चालू आहे ना हे रंगीत डॉपलरवर पाहत राहिले. दाब भोकावर पडायला हवा, मेंदूचा रक्तपुरवठा तोडायचा नाही. तेवढ्यात रेसिडेंटने दंडातल्या बॅसिलिक शिरेत सोनोग्राफीच्या आधाराने लांब कॅन्युला टाकला. पहिल्याच टोचणीत. नॉरअ‍ॅड्रेनलिन तिकडे वळवलं. म्हणजे तासाभरापूर्वी नाकारलेला चौथा पर्याय आम्ही शेवटी निवडला, फक्त मधे धमनीला एक भोक पाडून.

मानेवर लिंबाएवढा फुगवटा आला आणि तिथेच थांबला. प्लेटलेटची पिशवी आली, चढली. दर पंधरा मिनिटांनी मानेचा घेर, आवाज, दोन्ही हातांची ताकद आणि चेहरा तपासून लिहायचं ठरलं.

दोन तासांनी डावी जांघ. या वेळी मी रेसिडेंटलाच सुई दिली. त्या रात्री ती मी घेतली असती तर पुढचे कित्येक महिने त्याचा हात थरथरत राहिला असता, असं मला वाटलं. याबद्दल माझ्याच विभागात दुमत आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मते, चूक झालेल्या रुग्णावर शिकवण सुरू ठेवणं हा रुग्णावर अन्याय. मला त्यांचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही.

जांघेत शीर धमनीच्या आतल्या बाजूला असते, पण जसजसं खाली जावं तसतशी ती धमनीच्या मागे सरकते. म्हणून घडीच्या जवळ, दोघी शेजारी दिसतात ती पातळी आधी शोधली. या वेळी प्रोब शिरेच्या लांबीत धरला, म्हणजे सुई टोकापासून दांड्यापर्यंत एका रेषेत दिसत राहिली. टोक शिरेच्या मधोमध आलं आणि थांबलं. तार घातली. आडव्या छेदात वर-खाली दोन पातळ्यांवर, मग उभ्या छेदात पाहिली. सिस्टरने विचारायच्या आधीच रेसिडेंट म्हणाला, "सिस्टर, या, तुम्हीही बघा."

नातेवाइकांशी बोलणं

पहाटे चारला रुग्णाच्या मुलाला आत बोलावलं.

"तुमच्या वडिलांच्या मानेतल्या शिरेत नळी घालायची होती. सुई शीर ओलांडून तिच्यामागच्या धमनीत गेली. नळी घालायच्या आधीच ते लक्षात आलं, म्हणून तिथेच थांबलो. मानेवर सूज आहे. आता जांघेतून लाइन टाकली आहे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मशीनवर बघून करणार म्हणाला होतात ना तुम्ही?"

हो, म्हणाले होते. संमती घेताना मी हेच वाक्य दिलासा म्हणून वापरलं होतं. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

सोनोग्राफीच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. २००२मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने मानेतल्या नियोजित लाइनसाठी ती वापरावी असं सुचवलं, तेव्हा बऱ्याच अनुभवी हातांनी नाकं मुरडली होती. २०१५च्या कॉक्रेन आढाव्यात मानेतल्या शिरेबद्दलच्या ३५ चाचण्या आणि ५,१०८ रुग्ण होते: चुकून धमनीत सुई जाणं ७२ टक्क्यांनी कमी, पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी जास्त. पण ७२ टक्के कमी याचा अर्थ जिथे शंभर जणांच्या धमनीत सुई गेली असती, तिथे अजूनही अठ्ठावीस जणांच्या जाते. ते अठ्ठावीस कोण, हे मी संमती घेताना सांगितलं नव्हतं. आखूड मान, चपटी शीर, मागे धमनी, दम लागलेला रुग्ण.

"मशीन दाखवतं. आम्ही जे पाहायला हवं होतं ते नीट पाहिलं नाही," मी म्हणाले.

"बाबांना धोका आहे का?"

"पुढचे चोवीस तास मान आणि मेंदू यांवर लक्ष ठेवावं लागेल. उद्या डॉपलर करू. जे दिसेल ते तुम्हाला सांगेन."

त्याने मान हलवली. रागावला नाही, पण पुढचे दोन दिवस कुठलीही छोटी गोष्ट करायची असली तरी विचारायचा, "हे कोण करणार?" आम्ही दर वेळी उत्तर दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सोळा दिवसांनी विभागाच्या बैठकीत हे प्रकरण मांडलं. रेसिडेंटने सोनोग्राफी यंत्रात साठवलेली क्लिप लावली. थांबवत-थांबवत पाहिल्यावर सुई दुसरी भिंत ओलांडते तो क्षण दिसतो, पाव सेकंदाचा. तिथे उपस्थित असलेल्या कोणालाही चालत्या क्लिपमध्ये तो पहिल्या खेपेला दिसला नाही, हे सांगायला हवं.

जागेच्या निवडीबद्दल बहुतेकांचं मत माझ्याविरुद्ध गेलं. डावी जांघ स्वच्छ होती, मग मान का? २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत गळपट्टीखालच्या शिरेला जंतुसंसर्ग आणि गुठळ्या सर्वांत कमी होत्या, फुप्फुसाला इजा मात्र सर्वांत जास्त. मान आणि जांघ यांच्यात जंतुसंसर्ग-गुठळ्यांचा ठोस फरक दिसला नव्हता. मी ती चाचणी वाचलेली होती. डोक्यातलं जुनं समीकरण तरी तसंच राहिलं. दोघा सहकाऱ्यांनी मात्र मानेची बाजू घेतली. ९२ किलोच्या, पोट सुटलेल्या, बसून राहणाऱ्या रुग्णाच्या जांघेत पट्टी कोरडी राहत नाही, आणि हा प्रश्न चाचणीच्या सरासरीत दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा वाद मिटला नाही.

मान घ्यायचीच होती, तर तीन गोष्टी बदलता आल्या असत्या. पहिली, प्रोब कातडीवर सरकवून किंवा बाजूने तिरका धरून अशी दिशा शोधायची, जिच्यात सुईच्या पुढे, शिरेच्या मागे, धमनी येणार नाही. म्हणजे मागची भिंत फुटली तरी टोक स्नायूत जाईल. दुसरी, शीर तंबूसारखी दबली की तिथेच थांबायचं. अशा वेळी पुढची भिंत मागच्या भिंतीला चिकटलेली असते आणि नेट लावला की सुई दोन्ही एकदम ओलांडते. त्याऐवजी छोटा झटका देऊन पुढची भिंत भेदायची, की लगेच सुईचा कोन कमी करून टोक पुन्हा शोधायचं. तिसरी, रुग्ण हलल्यावर सुई स्थिर ठेवून आधी चित्र परत मिळवायचं. रेसिडेंटने उलट केलं, आणि मी शेजारी उभी राहून पडदा न पाहता सिरिंज पाहत होते. ही माझी चूक त्याच्याहून मोठी आहे.

एकाने विचारलं, तार तपासण्याऐवजी सुईवर छोटा कॅन्युला ठेवून दाब मोजला असता तर? मोजता आला असता. तो चांगला मार्ग आहे आणि शंका असेल तेव्हा करावाच. शिरेतला दाब एक आकडी किंवा दहा-बारा, धमनीतला त्या रात्रीही पन्नासच्या वर. आम्हाला शंका आलीच नव्हती, हीच तर गोष्ट.

चेकलिस्टमधली ओळ बदलली. आधी 'तार शिरेत पाहिली' एवढंच होतं आणि ते एका ठिपक्यावर भागत होतं. आता लिहिलंय: 'तार उभ्या छेदात, गळपट्टीच्या हाडापर्यंत शिरेत पाहिली, पाहणारे दोन.' त्यातला दुसरा पाहणारा सुई धरणारा नसावा. आणखी एक रकाना वाढवला: शीर किती खोल, सुई किती आत. तो भरायला लोकांना अजून कंटाळा येतो.

नवीन रेसिडेंटना जेलच्या ठोकळ्यावर सराव देताना आता मागे दुसरी नळी मुद्दाम पुरलेली असते, वेगळ्या रंगाच्या पाण्याने भरलेली. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या सिरिंजमध्ये तोच रंग येतो.

पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी डॉपलरमध्ये डाव्या कॅरोटिडची भिंत नीट होती, आत पापुद्रा सुटलेला नव्हता, बाहेर पिशवी तयार झालेली नव्हती. फुगवटा दोन सेंटीमीटरचा, आठवड्याभरात विरला. हात, पाय, चेहरा, बोलणं यांत काही फरक पडला नाही. चौथ्या दिवशी बीपीची औषधं सुटली आणि त्याच दिवशी जांघेतली लाइन काढली. प्लेटलेट लाखावर गेल्यावर उजव्या मानेतल्या गुठळीसाठी रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं. सोळाव्या दिवशी ते घरी गेले.

सहा आठवड्यांनी ते तपासणीला आले, मुलगा बरोबर होता. उजवीकडची शीर अजून निम्मीच उघडलेली दिसली. किडन्यांचा इतिहास पाहता त्यांना पुन्हा कधी नळी लागू शकते, आणि तेव्हा समोर कोण असेल ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर, अ‍ॅलर्जीच्या रकान्याखाली, ठळक अक्षरांत दोन ओळी लिहून दिल्या: 'उजवी मान: जुनी गुठळी, शीर अर्धवट बंद. डावी मान: कॅरोटिड शिरेच्या बरोबर मागे.' मुलाने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून घेतला.